निवांत खोलीतली धोंडाबाई

मित्रांनो, मी एक म्हातारी, पांढरी उंदरीण आहे. डोळे लाल, शेपटी गुलाबी आणि वय दोन वर्षं चार महिने. तुम्ही म्हणाल, हे काय वय झालं! पण आमच्यात या वयाला मागचे पाय ओढत चालावं लागतं. मीही तशीच चालते. पिंजऱ्याजवळून कुणी गेलं की मात्र जागच्या जागी थिजते. त्याला माझा इलाज नाही. घाबरणं हेच माझं काम होतं आणि त्याच कामासाठी मला जन्माला घातलं होतं.

कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक बैठी इमारत लागते. तिथं प्राण्यांच्या स्वभावाचा अभ्यास चालतो. मी तिथलीच. माझ्या जन्माच्या खूप आधी तिथल्या माणसांनी काही उंदीर निवडले. जास्त घाबरणाऱ्यांची जोडी घाबरणाऱ्यांशी लावली, धिटांची धिटांशी. त्यांच्या पिल्लांमधूनही पुन्हा तसेच निवडले. असं करता करता आमची दोन घराणी झाली, एक भित्रं आणि एक धीट. मी भित्र्या घराण्याच्या सव्विसाव्या पिढीतली. म्हणजे माझी आई घाबरायची, आजी घाबरायची, पणजी घाबरायची, आणि ती भीती मला आईच्या दुधाच्याही आधी मिळाली.

भीती मोजतात कशी, ते सांगते. एका खोलीत अधिकच्या चिन्हासारख्या जोडलेल्या चार फळ्या आहेत, जमिनीपासून माणसाच्या कमरेइतक्या उंच. दोन फळ्यांना भिंती आहेत, दोन उघड्या आहेत. त्याला तिथं मेझ म्हणतात. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. जो उघड्या फळीवर फिरून येतो तो धीट, जो भिंतींच्या आड बसून राहतो तो भित्रा. मला सोडलं तेव्हा मी भिंतीच्या आड शिरले आणि पाच मिनिटं मिशीसुद्धा हलवली नाही.

"वा!" मानसी मॅडम म्हणाल्या. त्या तिथल्या प्रमुख. "काय सुरेख घाबरते ही! हिची पिल्लं घ्यायची."

आयुष्यात माझं एवढंच एक कौतुक झालं.

मला नाव दिलं गोरखभाऊंनी. ते वडिवळ्याचे. सकाळी आमचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, दाणे घालायचे, हे त्यांचं काम. घरी त्यांची थोडी भातशेती होती. त्यांनी मला पहिल्यांदा उचललं तेव्हा मी हातातच गोठले.

"आरं तिच्या! ही तर धोंड्यावानी बसली," ते हसले. "धोंडाबाईच म्हणायचं हिला."

माझ्या पिंजऱ्यावर एक नंबर आहे, पण तेव्हापासून सगळे मला धोंडाबाईच म्हणतात.

आणि रेणुका. तिच्याबद्दल कसं सांगू? ती आमच्या नोंदी ठेवायला बेगडेवाडीहून लोकलने कामशेतला यायची. तिचे वडील देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते, घरात एमएस्सी झालेली ती पहिलीच. तिला चार वर्षांची मुलगी होती, सृष्टी. बालवाडीच्या दारात सृष्टी आईचा ओढणीचा पदर मुठीत धरायची आणि सोडायची नाही. हे मला कसं माहीत? अहो, रेणुका आमच्या खोलीत नोंदी करता करता घरी फोन लावायची. हात मोकळे नसायचे, म्हणून फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून हळू आवाजात बोलायची.

"आई, राहिली का हो ती आज?"

"राहिली कशाची!" फोनमधून तिच्या सासूबाई बोलायच्या. शकुबाई त्यांचं नाव. "बाईंनी आत नेली तर दाराला चिकटून बसली. पोर तुझ्यावरच गेलंय बघ. तू तरी कुठं वाघीण होतीस? लग्नात माइक हातात दिला तर थरथरत होतीस."

"आई, तेव्हाचं आता कशाला?"

"बरं, नाही काढत. जेव वेळेवर."

फोन ठेवला की रेणुका पेन खाली ठेवायची. मग माझ्याकडे बघून हळूच विचारायची, "काय गं धोंडाबाई, पोरांना आपण हेच देतो का?"

माझ्या पोटात तेव्हा पहिली आठ पिल्लं होती.

ती आठ पिल्लं पावसाळा सरता सरता झाली. आम्हाला ज्या खोलीत ठेवलं होतं तिला निवांत खोली म्हणायचे. तिथं मोठ्याने बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, चपला बाहेर काढायच्या, असा नियम होता. पिल्लं तीन आठवड्यांची झाली तशी ती माझ्यापासून काढली. चार जणांना समोरच्या खोलीत नेलं. त्यांना रोज अर्धा तास एका अरुंद, पारदर्शक नळीत ठेवायचे. नळीत वळता येत नाही. दुखत काही नाही, पण जीव गुदमरल्यासारखा होतो. उरलेली चार माझ्याच खोलीत, पलीकडच्या रॅकवर. त्यांना कुणी हात लावायचा नाही. मॅडमना बघायचं होतं, जी मुळातच भित्री आहेत ती त्रास दिल्यावर आणखी किती भित्री होतात.

मित्रांनो, त्या नळीतल्या चौघांसाठी माझा जीव तुटायचा. पलीकडच्या चौघांची मला काळजी नव्हती. ती निवांत खोलीत होती ना!

भाताची कापणी झाली आणि तो आवाज सुरू झाला.

कसा होता? तुमच्या कानाशी कुणी पत्र्यावर खिळा ओढला आणि थांबलंच नाही तर? सुई टोचल्यासारखा बारीक, मग एकदम वर चढणारा, मग तुटक. सवय व्हावी तर सूर बदलायचा. भिंतीत वरच्या बाजूला हवेची एक जाळी होती, तिच्यातून तो यायचा. सकाळी, दुपारी, सतत. मी भुशात डोकं खुपसलं. पलीकडच्या रॅकवर माझी चार पिल्लं एकमेकांवर ढीग करून कोपऱ्यात बसली होती.

त्याच वेळी रेणुका आत आली. चपला बाहेर काढून, पाऊल न वाजवता. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, कान देऊन ऐकलं, आणि वहीत लिहिलं, "खोली शांत."

दुसऱ्या दिवशीही तिने तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. मी पिंजऱ्याच्या जाळीला दात लावून ओढायची. तिला वाटायचं मला दाणे हवेत. तिला तो आवाज ऐकूच येत नव्हता! माणसाच्या कानाला एका उंचीच्या वरचे आवाज लागत नाहीत. आमच्या कानाला लागतात. आमची तान्ही पिल्लं रडतात तीसुद्धा तुम्हाला ऐकू येत नाहीत.

असे दोन महिने गेले. मग माझ्या पिल्लांची मेझवर परीक्षा झाली आणि सगळं उलटंपालटं झालं. नळीतली चौघं थोडी तरी बाहेर डोकावली. निवांत खोलीतली चौघं भिंतीच्या आड गेली ती गेलीच. एकाने तर तिथेच मुतलं. मॅडमनी त्या नोंदी दोनदा तपासल्या, तिसऱ्यांदा रेणुकाला तपासायला लावल्या.

"याला काही अर्थच नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना काही केलं नाही तीच जास्त घाबरतात? हे घराणंच बिघडलं आहे, रेणुका. अशा उंदरांवर पुढे काम करता येणार नाही. येत्या सोमवारी ही ओळ, हे सगळं घराणं, बंद करू. सगळे पिंजरे."

"सगळे, मॅडम? धोंडाबाईला परवाच पिल्लं झालीत."

"सगळे."

ओळ बंद करणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही समजा. मला तेव्हा दुसऱ्या खेपेची पाच पिल्लं होती. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, शेंगदाण्याएवढी. आणि सोमवारला पाच दिवस उरले होते.

खरं सांगू? मला त्या सोमवारची भीती तेव्हा वाटली नाही, कारण सोमवार म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. मला वेगळाच घोर लागला होता. माझी पिल्लं रडली की मला ऐकू येत नव्हती. त्यांचं रडणं आणि जाळीतला तो आवाज यांची उंची जवळजवळ एकच. पिल्लाला भूक लागली, थंडी वाजली, कुणी अंगाखाली चेंगरलं, तरी मला काही कळायचं नाही. एकदा एक पिल्लू घरट्याबाहेर घरंगळलं. मी हातभर अंतरावर दाणे खात होते. परत आले तेव्हा ते गार पडलेलं. मी त्याला चाटून चाटून ऊब आणली. तेव्हापासून माझी झोप उडाली.

म्हणून मी पिल्लं हलवली. पिंजऱ्याचा एकच कोपरा हवेच्या जाळीपासून जरा लांब आणि आडोशाला होता. पण तिथं पाण्याची बाटली ठिबकायची, भुसा ओला असायचा. तरी मी एकेक पिल्लू तोंडात धरून तिथं नेलं. ओलं तर ओलं, निदान त्यांचं रडणं कानावर येत होतं.

सकाळी गोरखभाऊंनी ते बघितलं. "आगं धोंडाबाई, येडी का खुळी तू? पोरं भिजवती व्हय?" असं म्हणत त्यांनी कोरडा भुसा घातला आणि पिल्लं उचलून कोरड्या बाजूला ठेवली. त्यांची पाठ फिरताच मी पुन्हा नेली. दुपारी त्यांनी पुन्हा कोरड्यात आणली. मी पुन्हा नेली.

शनिवार उजाडला. गोरखभाऊ रेणुकाला म्हणाले, "ताई, ही बया कामातून गेली बघा. पोरं वल्ल्यात ठिवती. मी उचलतो, ही परत तितंच. मॅडम म्हन्त्यात ते खरंच आसंल, घराणं बिघडलं."

रेणुकाने वही बाजूला ठेवली. तिने स्टूल ओढलं आणि माझ्या पिंजऱ्यासमोर बसली. मला तिची भीती वाटत होती, तरी मी कोरड्यातलं पिल्लू उचललं, ओल्यात ठेवलं. दुसरं उचललं. ती नुसती बघत राहिली.

"गोरखभाऊ," ती शेवटी म्हणाली, "कुठली आई सुकं अंथरूण टाकून पोराला ओल्यात निजवील?"

"तेच तर म्हन्तो मी."

"कोरड्यात काहीतरी याहून वाईट असल्याशिवाय निजवणार नाही."

मग तिने इतर पिंजऱ्यांकडे बघितलं. सगळ्या रॅकवर सगळे उंदीर जाळीकडे पाठ करून, एकाच बाजूला दाटीवाटीने बसले होते. एवढे दिवस ते तसेच बसत होते. ती तटकन उठली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात साबणाच्या डबीएवढं एक यंत्र होतं. पिल्लांचं रडणं अभ्यासण्यासाठी पूर्वी आणलेलं. आमचे उंच आवाज ते खाली उतरवून माणसाला ऐकवतं. तिने त्यात नवे सेल घातले आणि बटण दाबलं.

निवांत खोलीत कर्कश किंकाळी फुटली. गोरखभाऊंच्या हातातली बाटली खाली पडली.

"आयला! कोन वराडतंय?"

रेणुकाचा चेहरा पांढरा पडला होता. ती डबी जाळीकडे नेत गेली तसा आवाज वाढत गेला. "भिंतीपलीकडे काय आहे?"

"काय न्हाई ताई. आपल्या दाण्याची पोती. कोठी हाय."

दोघं कोठीत गेली. जाळी मधेच असल्यामुळे मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आणि ते हिरवा दिवा लुकलुकणारं काय आहे?"

"त्ये व्हय? उंदीर पळवायचं मशीन. कापनी झाली की शेतातलं उंदीर हितं घुसत्यात, पोती फोडत्यात. तुमी लोकं आवशीद घालू नका म्हनला, पिंजरा लावू नका म्हनला. मग कामशेतच्या बाजारातनं ह्ये आनलं. लय भारी हाय. माझ्या घरीबी लावलंय. मानसाला काय तरास न्हाई."

डबीतली किंकाळी एकदम वाढली; रेणुकाने ती यंत्राला टेकवली असावी.

"गोरखभाऊ," रेणुका म्हणाली. तिचा आवाज धड रडका नव्हता, धड हसराही नव्हता. "आणि भिंतीच्या अलीकडे आपण काय पाळलंय? हत्ती?"

त्या माणसाला तेव्हा कुठे उमगलं. "आरं देवा," एवढंच ते म्हणाले आणि बोर्डातून ते यंत्र उपटलं.

मित्रांनो, आवाज थांबला. खोलीत पहिल्यांदा मला माझी पाचही पिल्लं एकत्र ऐकू आली. सगळी रडत होती. ते रडणं ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुमच्या आईला विचारा.

पण सोमवार अजून टळला नव्हता. गोरखभाऊ दारात कपाळाला हात लावून बसले. "ताई, माझी नोकरी गेली. बारा वर्सं झाली हितं."

"तुम्ही एकटे नाही," रेणुका म्हणाली. तिने नोंदवही उघडली होती. पानामागून पान, तिच्याच अक्षरात, 'खोली शांत, खोली शांत', खाली तिची सही. "मी रोज इथं उभी राहून हे लिहिलंय. मला ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही, असं मीच धरून चालले. शिकलेली तर मी होते ना."

"मग न सांगता नुसतं काढून टाकू की. कुनाला कळतंय?"

सांगितलं नाही तर घराणं बिघडलेलंच ठरणार होतं. रेणुकाने ते वाक्य ऐकलं आणि वही मिटली. मेझवर पहिल्यांदा सोडलेल्या पिल्लासारखं तिने एकदा दाराकडे बघितलं.

मग तिने फोन उचलला. "मॅडम, आज सुट्टी आहे माहीत आहे. पण तुम्ही येऊन जाल का? माझी चूक झाली आहे."

मॅडम लोणावळ्याला राहायच्या. तासाभरात आल्या. रेणुकाने यंत्र पुन्हा लावून त्यांना डबी ऐकवली, लगेच बंद केलं. मॅडमनी नोंदवही मागून घेतली आणि पानं उलटली.

"म्हणजे तीन महिन्यांचं काम पाण्यात."

"हो, मॅडम."

"तुझ्या सह्या आहेत रोजच्या. हे सगळं लेखी देशील?"

"देईन. गोरखभाऊंनी लावलं ते पोती वाचवायला. खोली तपासायचं काम माझं होतं. पण मॅडम, सोमवारचं..." तिने मॅडमच्या हातातल्या वहीवर बोट ठेवलं. "घराणं बिघडलेलं नाही. नळीतल्यांचा त्रास अर्ध्या तासाने संपायचा. यांचा संपतच नव्हता. आणि आपण त्यालाच निवांत म्हणत होतो."

मॅडम माझ्या पिंजऱ्यापाशी वाकल्या. मी थिजले. माझ्या पोटाखाली पाच पिल्लं होती, आणि आता ती कोरड्या भुशावर होती. आवाज थांबल्याबरोबर मीच ती परत नेली होती.

"हिने दाखवलं तुला?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"सोमवारचं रद्द," मॅडम म्हणाल्या. "गोरख, पुढे कोठीत साधा खिळा जरी ठोकायचा असला तरी आधी हिला विचारायचं."

"ताईंना?"

"धोंडाबाईला."

त्या रागावलेल्या होत्या की चेष्टा करत होत्या, ते कुणालाच कळलं नाही. रेणुकाने मात्र लगेच माझ्या पिंजऱ्यात मूठभर दाणे टाकले.

आता पुढचं सांगते, तेही खरं आहे तसंच. वाचणं म्हणजे सुटणं नव्हे. माझ्या त्या पाच पिल्लांपैकी दोघांना पुढे नळीत जावं लागलं. ती आणखी भित्री झाली, मॅडमना आधी वाटलं होतं तशीच. तिघं निवांत खोलीत वाढली, या वेळी खऱ्याखुऱ्या निवांत. तीही मेझवर भिंतीआडच बसली. सव्वीस पिढ्यांची भीती कुठे जाणार? पण त्यातली एक मुलगी चौथ्या मिनिटाला उघड्या फळीवर आली, चार पावलं चालली, कडेवरून खाली वाकून बघितलं आणि मग धूम परत पळाली. रेणुकाने हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. पहिल्या खेपेतली ती चौघं मात्र आजही एकमेकांवर ढीग करूनच झोपतात. त्यांना बरं व्हायला किती दिवस लागतील, ते मॅडमनाही माहीत नाही.

सृष्टीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. रेणुका एक दिवस रजा घेऊन बालवाडीत गेली आणि सकाळभर मुलांच्या सतरंजीवर, सृष्टीच्या जागी बसून राहिली. पंखा ऐकला, दारं ऐकली, बाईंचा आवाज ऐकला. काही सापडलं नाही. लेक आहेच थोडी भित्री. "असू दे, आई," ती फोनवर शकुबाईंना म्हणाली, "माझ्यावर गेली तर गेली." शकुबाई जरा थांबून म्हणाल्या, "बरंय. पण आज ती दारात पाच मिनिटंच रडली हो. 'आई बसली होती तिथंच मी बसणार' म्हणाली."

मी आता खिडकीजवळच्या पिंजऱ्यात असते. माझ्यावर आता कुठलाही प्रयोग नाही, कुणी माझं कौतुकही करत नाही. कधी कधी दिवसभर कुणी या बाजूला फिरकतही नाही. मला काही बोलायचं नाही, फक्त तुम्हाला एक विनवणी करायची आहे. तुमच्या वर्गात कुणी बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसत असेल, घरात कुणी धाकटं विनाकारण रडतंय असं वाटत असेल, तर त्याला लगेच भित्रं म्हणू नका. तो जन्माचाच तसा असेल, किंवा तुम्हाला ऐकू न येणारं काहीतरी त्याला ऐकू येत असेल. बाहेरून यातलं काय खरं ते कळत नाही. त्याच्या जागी जाऊन बसा. थोडा वेळ बसा. काही सापडलं तर ते बंद करा. आणि नाहीच सापडलं, तरी लगेच उठू नका.